कोनी आयलंड: कोणत्या राइड जळल्या, कोणत्या पाडल्या आणि कोणत्या अजून का फिरतात

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राइड येत आणि जात राहिल्या. मग जुन्या म्हणून सायक्लोन हा रोलर कोस्टर, वंडर व्हील हा उंच पाळणा आणि एक मेरी-गो-राउंड एवढ्याच का दाखवतात? बाकीच्यांचे काय झाले? आणि आज तिथे गेल्यावर नेमके काय बघावे?

आधी एक गैरसमज दूर करू. कोनी आयलंड हे एका मालकाचे, एका कुंपणातले पार्क कधीच नव्हते. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला समुद्राकाठी तीन मोठी पार्के शेजारी शेजारी होती आणि त्यांच्या अवतीभोवती सुट्या भूखंडांवर एकेकाने टाकलेली राइड. त्यामुळे एक पार्क बुडाले तरी कोनी आयलंड चालू राहायचे. राइड गेल्या त्या मुख्यतः तीन गोष्टींनी: आग, जमिनीचा भाव, आणि तासाला किती माणसे बसतात हा हिशेब. यंत्र जुने झाले एवढ्यावरून फारच थोड्या बंद पडल्या. आणि ज्या उरल्या त्या तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे: झिजणारा प्रत्येक भाग सुटा काढून जागच्या जागी नवा करता येतो.

सुरुवात १८७६ची. चार्ल्स लूफ याने त्या साली इथले पहिले मेरी-गो-राउंड बसवले. पण खरी कलाटणी १८८४ची, लामार्कस थॉम्पसनच्या स्विचबॅक रेल्वेची. सुमारे ६०० फूट लांबीचा लाकडी मार्ग, दोन्ही टोकांना उंच मचाण. प्रवासी जिना चढून मचाणावर जात, बाकावर आडवे, म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसत, आणि गाडी नुसत्या उतारावर ताशी ६ मैलांनी घरंगळत पलीकडे जाई. तिथे सगळ्यांनी उतरायचे, कामगारांनी गाडी ढकलून दुसऱ्या मचाणावर चढवायची, आणि शेजारच्या रुळावरून परत. तिकीट ५ सेंट. वेग आज हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल, पण या राइडचा खरा दोष वेगात नव्हता. प्रत्येक फेरीला गाडी दोनदा रिकामी होत होती आणि दोनदा माणसांच्या बळावर चढत होती. वर्षभरातच दुसऱ्यांनी मार्गाची दोन टोके जोडून तो बंद फेरा केला, आणि चढावर गाडी ओढायला यंत्र लावले. तेव्हापासून आजपर्यंत रोलर कोस्टरची मूळ रचना तीच आहे: एकदा वर ओढायचे, पुढचे सगळे गुरुत्वाकर्षणावर सोडायचे.

गुरुत्वाकर्षणाशी कसे वागू नये हेही इथेच कळले. १८९५ मध्ये पॉल बॉयटनने सी लायन पार्क काढले. कुंपण घालून दारावर पैसे घेणारे हे इथले पहिले पार्क. त्यात फ्लिप फ्लॅप नावाची राइड होती. २५ फूट व्यासाच्या उभ्या वर्तुळातून गाडी उलटी फिरायची, आणि प्रवासी मान धरून उतरायचे. कारण साधे आहे. अगदी गोल वर्तुळात, माथ्यावर गाडी रुळापासून सुटू नये एवढाच किमान वेग ठेवला, तरी तळाशी वर्तुळात शिरताना प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. वर्तुळ मोठे केले तरी हा सहाचा आकडा हलत नाही; दोष आकाराचाच आहे. सुरक्षिततेसाठी वेग थोडा वाढवला की भार आणखी वाढतो. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉटने लूप द लूप बांधताना वर्तुळ उभट केले. तळाशी सौम्य वाकण, माथ्यावर घट्ट. त्यामुळे भार पुष्कळ कमी झाला. विचार बरोबर होता. तरी १९१० मध्ये ती राइड बंद पडली, कारण गाडीत बसायची चारच माणसे. बाहेर उभे राहून बघणाऱ्यांकडूनही पैसे घेत होते, तरी गणित जमले नाही. उलटे फिरवणारा फेरा पुन्हा रुळला तो थेट १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियात, पोलादी नळीच्या रुळांवर. आकार तोच, पाण्याच्या थेंबासारखा.

स्टीपलचेस पार्क १८९७चे, जॉर्ज टिल्यूचे. मुख्य राइड म्हणजे यांत्रिक घोड्यांची शर्यत. समांतर रुळांवर एकेक लाकडी घोडा, प्रत्येकावर दोघे, आणि उतारावर सगळे एकदम सोडायचे. तिथला जुना अनुभव असा की वजनदार जोडी जिंकते. ते बरोबरच आहे. चाकांचे घर्षण वजनाबरोबर वाढते, पण हवेचा अडथळा वजन बघत नाही. म्हणून जड घोडा कमी मंदावतो. टिल्यूने दुसरी मोठी गोष्ट केली ती तिकिटाची: २५ सेंटमध्ये २५ राइडचे एकच कार्ड. १९०७ मध्ये पार्क जळाले, तेव्हा त्याने दारावर पाटी लावून राख बघायचे १० सेंट घेतले आणि पुढच्या वर्षी मुख्य इमारत पोलाद आणि काचेची बांधली. माझ्या मते कोनी आयलंडच्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय तोच. स्टीपलचेस १९६४ पर्यंत टिकले, ते त्या निर्णयाच्या जोरावर.

शेजारची दोन पार्के ते शिकली नाहीत. फ्रेडरिक थॉम्पसन (स्विचबॅकवाला थॉम्पसन वेगळा) आणि डंडी या जोडीने १९०३ मध्ये लूना पार्क उघडले. अडीच लाख विजेचे दिवे आणि ‘ट्रिप टू द मून’ ही चंद्रसफर. ही राइड आधी १९०१ च्या बफेलोच्या प्रदर्शनात गाजली होती. प्रवासी एका जहाजात बसत, जहाज जागच्या जागी डुलत असे आणि भोवती रंगवलेले पडदे सरकत. आजच्या सिम्युलेटर राइडचे हे मूळ. लूनाचे नाव इतके पसरले की इटालियनमध्ये कुठल्याही करमणुकीच्या पार्कला आजही लूना पार्कच म्हणतात. १९०४ मध्ये समोर ड्रीमलँड उभे राहिले, सगळे पांढरेशुभ्र, ३७५ फुटी मनोऱ्यासह. या राजवाड्यांचे सौंदर्य वरवरचे होते. लाकडी सांगाडा, त्यावर पट्ट्या, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस आणि ताग यांच्या मिश्रणाचे नक्षीदार लेपन. स्वस्त, हलके, चटकन हवा तो आकार घेणारे. पण आतल्या पोकळीतून आग चिमणीसारखी वर चढते आणि बाहेरून पाणी मारले तर ते लेपनावरून ओघळून जाते.

२७ मे १९११, हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री, ड्रीमलँडच्या हेल गेट या बोटींच्या राइडमध्ये पाण्याची गळती बुजवत होते. काम गरम डांबराने. दिवे गेले, अंधारात डांबराची बादली कलंडली, आणि पहाटेपर्यंत पार्क उरले नाही. पाण्याचा दाबही पुरला नाही. एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे: ड्रीमलँडमध्ये डॉ. मार्टिन काउनी यांचा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष होता. रुग्णालयांत इन्क्युबेटर मिळत नसत त्या काळात काउनी तिकीट लावून ते दाखवत आणि त्या पैशांतून बाळांवर उपचार करत. आईबापांकडून काही घेत नसत. त्या रात्री सगळी बाळे वाचवली गेली. ड्रीमलँड पुन्हा बांधले नाही. १९५७ मध्ये त्या जागेवर मत्स्यालय आले. लूना १९४४ च्या आगीत गेले.

आता टिकलेल्यांकडे. १९२० च्या सुमारास भुयारी रेल्वे स्टिलवेल अॅव्हेन्यूपर्यंत आली आणि शहरातला कोणीही ५ सेंटमध्ये समुद्रावर येऊ लागला. १९२३ मध्ये लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक झाला. गिऱ्हाईक बदलले: पैसे थोडे, माणसे अफाट. त्यामुळे राइडही बदलल्या. देखावे, नाटके, राजवाडे गेले. छोट्या भूखंडावर उभी राहणारी, दर फेरीला खच्चून माणसे घेणारी यंत्रे आली.

वंडर व्हील १९२० मध्ये सुरू झाले, रचना चार्ल्स हर्मनची. १५० फूट उंच, २४ डबे, डब्यात ६ म्हणजे एका वेळी १४४ माणसे. आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्याशी तुलना करून बघा. पाळण्यात सगळी आसने कडेला टांगलेली. वंडर व्हीलमध्ये फक्त ८ डबे तसे आहेत. बाकीचे १६ चाकाच्या आत, नागमोडी वळणाच्या रुळांवर बसवलेले. चाक फिरते तसा त्या रुळांचा कल बदलत जातो. डबा काही वेळ एका टोकाला स्वस्थ असतो, मग कल पुरेसा झाला की एकदम निसटतो, वळणावरून खाली घसरतो आणि दुसऱ्या टोकाला झोके घेत थांबतो. या हालचालीला वेगळी मोटर नाही, ब्रेक नाही, नियंत्रण नाही. सगळे रुळाच्या वळणावर अवलंबून. त्यामुळे बिघडण्याजोगे भागही थोडे: चाके, त्यांचे आस, बेअरिंग, टोकाचे अडसर. हिवाळ्यात चाक बंद असताना हे सगळे तपासून बदलता येते. १३ जुलै १९७७ ला शहराची वीज गेली तेव्हा चाक हाताने फिरवून माणसे उतरवली. आजही कुठल्याही पाळण्याबद्दल विचारावा असा पहिला प्रश्न हाच: वीज गेली तर हाताने फिरतो का?

मेरी-गो-राउंडचे नाव बी अँड बी कॅरोसेल, इंग्रजी पाटीवर शेवटी दोन एल असलेले. सांगाडा विल्यम मँगल्सच्या कारखान्याचा, बहुतेक घोडे चार्ल्स कार्मेलने कोरलेले. ५० घोडे, त्यांतले ३६ वरखाली होणारे, आणि २ रथ. घोडे कशाने उसळतात हे छताकडे बघितल्याशिवाय कळत नाही. मधल्या खांबाभोवती एक मोठे दातेरी चक्र स्थिर असते. चौथरा फिरतो तेव्हा त्यावर छोटी दातेरी चाके घरंगळतात आणि त्यांना जोडलेले आडवे वाकडे दांडे फिरतात. त्या वाकड्यांवर घोड्यांचे खांब टांगलेले. म्हणजे एकाच मोटरमध्ये गोल फिरणेही आले आणि उसळणेही. यात झिजतात ते वाकड्यावरचे धारक. त्यांना वंगण कमी पडले की घोडा वरच्या टोकाला किंचित अडखळतो आणि खट आवाज येतो. शहराने २००५ मध्ये ते विकत घेतले, सुटे करून ओहायोत दुरुस्तीला पाठवले, आणि २०१३ मध्ये स्टीपलचेस प्लाझामध्ये पुन्हा बसवले. शंभर वर्षांचे यंत्र असे पेट्यांत भरून नेता येते, यातच त्याचे आयुष्य आहे.

आणि सायक्लोन. २६ जून १९२७, रचना व्हर्नन कीननची, बांधणी हॅरी बेकरची. जागा तीच, जिथे १८८४ ची स्विचबॅक होती. उंची ८५ फूट, मार्ग २,६४० फूट म्हणजे बरोबर अर्धा मैल, १२ उतार, ६ मोठी अर्धगोल वळणे. लोक त्याला लाकडी कोस्टर म्हणतात. खरे तर सांगाडा पोलादी आहे आणि मार्ग लाकडी. या जोडीमुळेच तो टिकला. वेग सगळीकडे ताशी ६० मैल छापतात. तो आकडा मी वापरणार नाही. ८५ फुटांवरून, काहीही घर्षण न धरता, थेट जमिनीपर्यंत पडले तरी वेग ताशी सुमारे ५० मैल म्हणजे ८१ किलोमीटरच होतो. राइडची ख्याती वेगावर नाही, पहिल्या उताराच्या जवळजवळ ६० अंशांच्या खडेपणावर आहे.

लाकडी मार्ग म्हणजे एक तुळई नव्हे. फळ्यांचे थर एकमेकांवर, सांधे आलटून पालटून, खिळे आणि बोल्टने घट्ट केलेले. वर पोलादाची सपाट पट्टी. गाडीला चाके तीन जातींची: वरून चालणारी, बाजूने धरणारी, आणि पट्टीच्या खालून अडकणारी. खालची चाके जॉन मिलरने रूढ केली. ती नसती तर गाडी माथ्यावर रूळ सोडून गेली असती आणि इतका खडा उतार कोणी बांधलाच नसता. चढावर ऐकू येणारा कट-कट आवाज अनेकांना साखळीचा वाटतो. तो खटक्यांचा आहे. गाडीखालचे लोखंडी खटके मार्गावरच्या दातांवर एकेक करून पडतात. साखळी तुटली तरी गाडी मागे येत नाही ती त्यांच्यामुळे. ब्रेकही गाडीत नसतात, मार्गात असतात.

बिघाड कुठे होतो? सर्वांत आधी उतारांच्या तळाशी आणि वळणांच्या सुरुवातीला, कारण तिथे भार सर्वाधिक. फळ्यांमधला खिळा सैल होतो, थर एकमेकांवर घासतात, पट्टी किंचित दबते. दबलेल्या जागी पुढची गाडी जरा जास्त आपटते, म्हणून खड्डा वाढतच जातो. रोज सकाळी मार्गावरून चालत जाणारा माणूस हेच शोधतो: पट्टीवरची चमक. चमकदार रेघ मधून कडेला सरकली असेल तर चाक तिरपे घासते आहे. खिळ्याचे डोके वर आले असेल, फळीतून ताजा भुसा निघाला असेल, तर तो थर हलतो आहे. मग तेवढाच तुकडा कापून नव्या फळ्या बसवायच्या. हवेचाही परिणाम होतो. थंड सकाळी बेअरिंगमधले वंगण घट्ट असते, गाडी संथ धावते आणि एखाद्या चढावर अडकायची भीती असते; म्हणून आधी रिकाम्या फेऱ्या मारतात. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, दिवसभर तापलेली चाके आणि भरलेली गाडी, तीच राइड कितीतरी वेगवान लागते.

सायक्लोनला यंत्रापेक्षा जमिनीने जास्त छळले. १९६९ मध्ये शहराने जागा घेतली, नंतर मत्स्यालय वाढवण्यासाठी तो पाडायचे घाटत होते. लोकांनी मोहीम उभारली, १९७५ मध्ये शेजारच्या अॅस्ट्रोलँड पार्कने तो भाड्याने घेऊन दुरुस्त केला, १९८८ मध्ये शहराने त्याला वारसावास्तूचा दर्जा दिला. त्याच्या जोडीच्या रोलर कोस्टरना ते भाग्य लाभले नाही. १९२६ चा टोर्नेडो १९७७ मध्ये जळाला. जॉन मिलरचा १९२५ चा थंडरबोल्ट १९८२ मध्ये बंद पडला, अठरा वर्षे गंजत उभा राहिला आणि नोव्हेंबर २००० मध्ये महापालिकेने पाडला. तो वाचवता आला असता असे मला ठामपणे वाटते. लाकूड कुजले तरी बदलता येते. हंगामाहंगामाची देखभाल थांबली की बदलायचे काम एकदम डोंगराएवढे होते आणि पाडणे स्वस्त दिसू लागते.

पॅराशूट जम्पचा लाल मनोरा अजून उभा आहे, पण राइड म्हणून संपला. १९३९ च्या क्वीन्समधल्या जागतिक प्रदर्शनातून १९४१ मध्ये तो स्टीपलचेसला आणला. सैनिकांच्या सरावाच्या मनोऱ्यावरून घेतलेली कल्पना. सुमारे २५० फूट वर ओढायचे आणि छत्रीखाली दोघांना सोडायचे. इथे हिशेब उलटा पडला. एका छत्रीत दोन माणसे आणि दोऱ्या सांभाळायला किमान तीन कामगार. शिवाय समुद्रावरचा वारा वाढला की थांबवावेच लागे. क्वीन्समध्ये चालणारे यंत्र किनाऱ्यावर परवडले नाही. स्टीपलचेस १९६४ मध्ये बंद झाले, पुढच्या वर्षी बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी जागा घेतली आणि १९६६ मध्ये काचेची इमारत पाडली. मनोरा मात्र १९८९ मध्ये वारसावास्तू ठरला आणि आता रात्री दिव्यांनी उजळतो.

अॅस्ट्रोलँड १९६२ ते २००८ चालले. विकासकाने भोवतालची जमीन घेतल्यावर भाडेकरार टिकेना. शहराने २००९ मध्ये नवे नियोजन करून ६.९ एकर स्वतः विकत घेतली आणि २०१० मध्ये लूना पार्क हेच नाव घेऊन नवे पार्क उघडले, राइड इटलीच्या झाम्पेर्ला कंपनीच्या. २०१४ मध्ये थंडरबोल्ट हे नावही परत आले, पण तो पोलादी, ११५ फूट सरळ उभा चढणारा. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात खारे पाणी आत शिरले होते. अशा वेळी मोटर नुसती वाळवून चालत नाही. गोड्या पाण्याने धुवावी लागते, बेअरिंग फेकून द्यावी लागतात, तारा बदलाव्या लागतात. नाहीतर मीठ आत राहते आणि सहा महिन्यांनी बिघाड वर येतो.

आता बघायचे कसे. मॅनहॅटनमधून येणाऱ्यांनी भुयारी रेल्वेच्या डी, एफ, एन किंवा क्यू गाडीने शेवटच्या स्टिलवेल अॅव्हेन्यू स्थानकावर उतरावे. हंगाम साधारण ईस्टरच्या आसपास सुरू होतो. हिवाळ्यात बहुतेक राइड बंद. पश्चिमेकडून सुरुवात करा: आधी कॅरोसेल, तिथूनच पॅराशूट जम्प, मग वंडर व्हील. तिथे दोन रांगा असतात, स्थिर डब्यांची आणि हलणाऱ्यांची. आजीआजोबांना स्थिर डब्याच्या रांगेत उभे करा; हलणाऱ्यांच्या रांगेत उभे करण्याची चूक बऱ्याच घरांची होते. शेवटी सायक्लोन, शक्यतो संध्याकाळी. उंचीची अट ५४ इंच. मान किंवा पाठ दुखत असेल तर बसू नका. पुढच्या रांगेत माथ्यावर गाडी क्षणभर लोंबकळते आणि दरी दिसते. शेवटच्या रांगेत काही दिसत नाही, पण पुढचे डबे आधीच पडलेले असल्याने आपल्याला ते जोरात ओढून नेतात आणि आसनावरून उचलतात. धक्के कमी हवे असतील तर मधल्या डब्याच्या मधल्या रांगा घ्या, कारण डब्याच्या टोकाची आसने चाकांवर येतात.

बसायचे नसेल तरी सर्फ अॅव्हेन्यू आणि वेस्ट टेन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दहा मिनिटे थांबा. मान वर करून वळणाखालच्या फळ्या बघा: जुन्या करड्या, मध्येच काही फिकट पिवळ्या. जिथे पिवळ्या दिसतील तिथला तुकडा अलीकडे बदललेला आहे, आणि बहुतेक वेळा ती जागा उताराच्या तळाशीच असते.